गरिबी, तिची रेषा आणि आपली कादंबरी

सणासुदीच्या दिवशी गरिबीचा विषय काढू नये, असा आपल्याकडे एक संकेत आहे. आणि गंमत अशी, की दिवाळी अंकांनी हा संकेत कधीच पाळलेला नाही. एका पानावर उटण्याची जाहिरात आणि समोरच्या पानावर उपाशी माणसाची कथा, ही जोडी मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही विसंगत आहे असे त्याला वाटतही नाही. चकलीचा तुकडा मोडता मोडता तो ती कथा वाचतो, हळहळतो, ‘काय विदारक लिहिले आहे!’ असे म्हणतो आणि पान उलटतो. या वाचकाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मीही त्याच्याच पंक्तीला बसणारा आहे. परंतु गेली वीसेक वर्षे शाळेत गणित आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवीत आलो आणि उरल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या; त्यामुळे एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. गरिबीविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याचे मोल आपण कोणत्या मापाने ठरवितो? आणि ज्यांनी देशाची गरिबी खरोखरच आकड्यांनी मोजली, त्यांच्या मापाची आणि आमच्या कादंबरीच्या मापाची कधी गाठ पडते काय?

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत शिरण्याचा मला अधिकार नाही असे कोणी म्हणाले, तर मी वाद घालणार नाही. पण गरिबीच्या मोजमापाचे जे मूळ अंकगणित आहे, ते सातवीच्या पुस्तकाबाहेरचे नाही. आणि कादंबरी ही तर कोणाच्याच पदवीची मिरास नव्हे. तेव्हा या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे धाडस करतो.

प्रथम मोजणाऱ्यांकडे वळू. हिंदुस्थान गरीब आहे हे आकड्यांनी सिद्ध करण्याचा पहिला मोठा प्रयत्न दादाभाई नौरोजींचा. १८७६ साली त्यांनी ‘हिंदुस्थानचे दारिद्र्य’ या विषयावर निबंध वाचला आणि देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये निघते असा हिशेब मांडला. त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट २० हा आकडा नव्हे. तुरुंगातल्या कैद्याला जगविण्यासाठी सरकारला काय खर्च येतो, तो आकडा दादाभाईंनी शेजारी मांडला. आणि मोकळ्या रयतेची मिळकत बंदिवानाच्या शिध्यालाही पुरी पडत नाही, हे राज्यकर्त्यांच्याच कागदांवरून दाखविले. एखाद्या कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी ही तुलना आहे.

स्वातंत्र्यानंतर हा वाद पुन्हा पेटला तो ऑगस्ट १९६३ मध्ये, लोकसभेत. डॉ. राममनोहर लोहिया म्हणाले, या देशातली २७ कोटी माणसे दिवसाला ३ आण्यांवर जगतात. पंडित नेहरूंच्या सरकारचे उत्तर होते, ३ नव्हे, १५ आणे. वरवर पाहता हे आकड्यांचे भांडण. पण ते खरे सरासरीचे भांडण होते. वर्गात मी मुलांना एक उदाहरण घालतो. दहा मुलांच्या डब्यांत मिळून वीस पोळ्या आहेत. एकाच्या डब्यात अकरा आणि उरलेल्या नऊ जणांच्या डब्यांत एकेक. सरासरी किती? दोन. उत्तर बरोबर आहे, शंभरापैकी शंभर गुण. परंतु दोन पोळ्या खाणारा मुलगा त्या वर्गात एकही नाही. लोहियांचे म्हणणे एवढेच होते, की अकरा पोळ्यांचा डबा बाजूला ठेवा आणि मग मोजा.

ते मोजण्याचे काम पुण्याला झाले, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगावा. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ हा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक देणारे अन्न मिळण्याइतपत खर्च ज्या थरात होतो, तो थर त्यांनी शोधला. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, अशी त्यांची सीमा ठरली. आणि त्या सीमेच्या खाली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसे निघाली. पुढची दहा वर्षे देशाचे उत्पन्न वाढले, परंतु त्या वाढीचा वाटा वरच्या पंक्तीलाच अधिक पोचला, हेही त्यांनी दाखविले. ज्याला काम हवे त्याला ते मिळण्याची हमी द्या, असा त्यांचा उपाय होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने जी रोजगार हमी उभी राहिली, जिचा १९७७ साली कायदा झाला आणि २००५ मध्ये जिच्या धर्तीवर सबंध देशासाठी कायदा झाला, तिच्यामागे याच विचाराची कड होती. हिशेब नीट मांडला म्हणजे खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात आठवड्याला मजुरी पडू शकते, याचा हा पुरावा आहे.

आता आमच्या बाजूला येतो. याच काळात मराठी कथा-कादंबरी काय पाहत होती?

‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३५ साली आले. ते वाचून रडला नाही असा मराठी माणूस विरळा. त्यातली गरिबी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सावकाराचा माणूस दारात येऊन आईला टाकून बोलतो, तो प्रसंग आजही घशात अडकतो. परंतु ही गरिबी एका विशिष्ट घराची आहे. ते घर पूर्वी खोताचे होते, वैभवातून खाली आले आहे. तिथे गरिबी म्हणजे घसरण. आणि घसरणाऱ्यापाशी पूर्वीची आठवण, अब्रू, संस्कार एवढे धन शिल्लक असते. साने गुरुजी मोठ्या मनाचे लेखक, म्हणून त्यांच्याच पुस्तकात दुसरी गरिबीही एका प्रकरणापुरती येऊन जाते. मोळी पडलेली एक म्हातारी महारीण, तिला हात लावायला कोणी तयार नाही. आणि आईच्या सांगण्यावरून श्याम ती मोळी तिच्या डोक्यावर चढवून देतो. आपण श्यामच्या धैर्याचे आणि आईच्या थोरपणाचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्या म्हातारीच्या घरी त्या रात्री चूल कशावर पेटली, ती मोळी विकून तिला काय मिळणार होते, हे पुस्तक सांगत नाही; आणि नव्वद वर्षे आपणही विचारले नाही. जिला घसरायला कधी उंचीच मिळाली नव्हती, तिची गरिबी आपल्या करुणेत आली. आपल्या हिशेबात आली नाही.

वि. स. खांडेकर माझ्याच व्यवसायातले, शिरोड्याचे मास्तर. १९३४ च्या ‘दोन ध्रुव’मध्ये त्यांनी श्रीमंती आणि गरिबी यांना जे नाव दिले, ते पुढे एका पिढीच्या ध्येयवादी कादंबरीचे सूत्र होऊन बसले. सूत्र सुंदर आहे, पण त्यात एक अडचण आहे. पृथ्वीच्या ध्रुवांवर वस्ती नसते. माणसे राहतात ती मधल्या सगळ्या अक्षांशांवर. श्रीमंत एका टोकाला आणि गरीब दुसऱ्या टोकाला असे मांडले, की गरीब म्हणजे एकच एक, सारखाच दीन, सारखाच सज्जन जमाव होतो. त्या काळच्या कितीतरी कादंबऱ्यांत गरिबाचे काम नायकाच्या अंतःकरणाची परीक्षा घेण्यापलीकडे काही उरले नाही. नायक उत्तीर्ण झाला की गरीब कादंबरीतून निघून जातो.

या चौकटीतून बाहेर पडणारी पुस्तकेही आली. विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ ही १९५० ची कादंबरी गुन्हेगार ठरविलेल्या जमातीच्या, तारेच्या कुंपणातल्या वसाहतीवर आहे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणजे ही कादंबरी आली तेव्हा ती तार प्रत्यक्षात होती. माणूस जन्मतःच ज्या यादीत लिहिला गेला, ती यादीच त्याची गरिबी ठरविते, हे या बाईंनी दाखविले. फडके-खांडेकरांवर जेवढी शाई आपण खर्च केली, तिच्या दशांशानेही या पुस्तकाचा विचार केला नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो. तेव्हा मला तिच्याविषयी थोडा पक्षपात असला तर वाचकांनी क्षमा करावी. तिच्यात गरिबीवर एकही व्याख्यान नाही. पण शेकूपाशी एकच बैल आहे, दुसरा मिळत नाही. आणि त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली मान देते. हे हिशेबाचे चित्र आहे. पेरणी चार दिवस लांबली तर काय जाईल, बैलाचे भाडे किती, बाईच्या अंगातली ताकद किती, एवढे सगळे गणित त्या एका जुवात आहे, आणि लेखकाने ते सोडवून दाखविण्याचा आव आणलेला नाही. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी रिकामी होते. दांडेकर आणि रथ यांनी १५ रुपयांची रेषा आखली, तेव्हा त्या रेषेखाली कोण उभे आहे हे ज्याला पाहायचे असेल, त्याने ही कादंबरी उघडावी.

परंतु मोजणारे आणि लिहिणारे या दोघांचीही नजर एका गोष्टीपाशी अडखळत होती. गरिबाला पोट असते हे दोघांनाही कळले होते. गरिबाला जात असते, हे कळायला उशीर लागला.

१९६३ सालीच, म्हणजे लोकसभेत ३ आणे आणि १५ आणे हा वाद गाजत होता त्याच वर्षी, बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. त्यातल्या त्या नावाच्या कथेचा नायक उपाशी नाही. त्याला रेल्वेत नोकरी आहे. खिशात पगार आहे. पण राहायला खोली हवी तर जात लपवावी लागते, आणि ती उघडी पडते तेव्हा मार खावा लागतो. कोणत्याही सरकारी रेषेवर हा माणूस वरच निघेल. तरी त्याच्या हातातला रुपया शेजाऱ्याच्या हातातल्या रुपयाइतका चालत नाही. अर्थशास्त्रज्ञाला रुपया सगळीकडे सोळा आण्यांचा असतो. बागुलांनी दाखविले, की काही हातांत पडताच त्याला बट्टा बसतो.

पंधरा वर्षांनी, १९७८ मध्ये, दया पवारांचे ‘बलुतं’ आले. त्या पुस्तकावर ‘दाहक’, ‘जळजळीत’, ‘अस्सल’ या विशेषणांचा केवढा वर्षाव झाला! एका साध्या गोष्टीचा मात्र फारसा विचार झाला नाही, की ‘बलुतं’ हा शब्दच मुळी मजुरीचा आहे. गावाची कामे वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन दोन शेरांसाठी उभे राहायचे. ते हक्काचे म्हणून मागायचे, पण भीक म्हणून पदरात पडायचे. लेखकाने आपल्या आयुष्याला पगाराच्या एका जुन्या पद्धतीचे नाव दिले. म्हणजे तो आपली व्यथा तर सांगत होताच, पण व्यवस्थेचा हिशेबही मागत होता. टीकाकारांनी व्यथा उचलली. हिशेबाचे पान तसेच ठेवले.

त्यानंतर लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आणि आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ मध्ये आली. या पुस्तकांनी मिळून जे केले, ते कोणत्याही आयोगाच्या अहवालाने तोवर केले नव्हते. ‘गरीब’ हा एकवचनी शब्द त्यांनी मोडला. कैकाड्याची गरिबी गाढवाच्या पाठीवर फिरते. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्या बापाची गरिबी पोराची शाळा सोडविते. उचल्याची गरिबी पोलिसचौकीत हजेरी लावते. बेबीताईंनी तर आणखी आतले दार उघडले. बाळंत झालेली बाई, घरात दाणा नाही, आणि पोटात भुकेचा आगडोंब. हे त्यांनी फलटणला दुकान सांभाळता सांभाळता, चोरून लिहिले. येथे मोजणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. पाहणीवाले घराचा सगळा खर्च मांडतात आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागतात. भागाकार झाला की सासरा, मुलगा आणि सून यांच्या वाट्याला सारखेच धान्य आले असे कागदावर दिसते. सर्वांत शेवटी जेवणारी बाई त्या भागाकारात नाहीशी होते. ती सापडते फक्त ‘जिणं आमुचं’सारख्या पुस्तकात. अशा जागी साहित्य हे आकड्याला अलंकार म्हणून येत नाही. ते आकड्याची चूक दुरुस्त करते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एकेका पुस्तकात एकेक घर असते. ते घर अपवाद होते की नियम, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते काम आकडेच करतात. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली देशात १०० पैकी सुमारे २२ माणसे गरीब निघाली. पण खेड्यातल्या अनुसूचित जमातींत हे प्रमाण ४५ होते, अनुसूचित जातींत ३१-३२, आणि इतर उच्चवर्णीय गटांत १५-१६. ‘बलुतं’ येऊन तेव्हा तेहतीस वर्षे लोटली होती. ज्यांना ती जुन्या काळची कहाणी वाटत होती, त्यांनी हा तक्ता एकदा पाहावा. गरिबी कमी झाली, सर्वच गटांत कमी झाली. पण पायऱ्यांची उतरंड जशीच्या तशी राहिली.

आता आजच्या गोष्टी बोलू. मोजणारे सांगतात, की आपली गरिबी फार झपाट्याने घटली. जागतिक बँकेच्या २०२५ च्या हिशेबाने, दिवसाला ३ डॉलरच्या रेषेखालची माणसे २०११-१२ साली १०० मागे २७ होती, ती २०२२-२३ मध्ये ५ वर आली. गरिबी केवळ खर्चाने न मोजता शाळा, पोषण, घर, पाणी, संडास यांनी मोजणारी दुसरी पद्धत आहे. तिच्याप्रमाणेही २००५-०६ मधले ५५ टक्के २०१९-२१ पर्यंत १६ वर आले. या आकड्यांना नाक मुरडणारे काही लोक आहेत. मी त्यांतला नाही. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांच्या पायांत चपला आल्या, घरांत वीज आली, गॅसची शेगडी आली, हे मी रोज पाहतो. जे सुधारले ते सुधारले म्हणावे. गरिबाच्या घरी दिवा लागला तर साहित्यिकाने तोंड आंबट करू नये.

परंतु याच देशात ८० कोटींहून अधिक लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य फुकट दिले जाते. मुले मला विचारतात, “गुरुजी, शंभरात पाचच गरीब, तर रेशनच्या रांगेत एवढे कोण?” प्रश्न चोख आहे. उत्तर असे, की रेषेच्या वर येणे आणि रेषेपासून दूर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराच्या पाण्यातून डोके वर आले म्हणजे माणूस काठावर पोचला असे नव्हे. एक आजारपण, एक लग्न, एक कोरडा पावसाळा, की पुन्हा गटांगळी. ते फुकटचे धान्य हेच कित्येकांच्या हनुवटीखालचे लाकूड आहे.

आणि अकरा पोळ्यांच्या डब्याचे काय झाले? २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत खेड्यातल्या तळाच्या ५ टक्के लोकांचा माणशी मासिक खर्च १,३७३ रुपये, तर शहरातल्या वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४ रुपये निघाला, म्हणजे पंधरापट. तेही पाहणीवाल्याला ज्यांनी दार उघडले त्यांचे. खेड्यातल्या आदिवासी माणसाचा महिन्याचा खर्च ३,०१६, तर ‘इतर’ गटातल्याचा ४,३९२, शंभराला एकोणसत्तर. संपत्तीची गोष्ट याहून निराळी. पॅरिसच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलेल्या हिशेबाने, देशातल्या सर्वांत वरच्या एका टक्क्याकडे देशाच्या संपत्तीचा ४० टक्के आणि उत्पन्नाचा जवळजवळ २३ टक्के भाग आहे. उत्पन्नाचा हाच वाटा १९८० च्या सुमारास ६-७ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे तळ वर आला आणि छप्पर त्याहून वर गेले. गरिबी घटली आणि अंतर वाढले. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, आणि हीच आजच्या कादंबरीकारापुढची खरी अडचण आहे.

कारण आपल्या हाती जी वाङ्मयीन हत्यारे आहेत, ती भुकेसाठी घडविलेली आहेत. भूक दाखवावी कशी हे आम्ही शिकलो; अंतर दाखवावे कसे हे शिकलो नाही. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही २००२ ची कादंबरी मला या बाबतीत वाटाड्यासारखी वाटते. तिच्यातला एकनाथ शिकलेला आहे, पदव्या हाती आहेत. पण मास्तरकीची नोकरी विकत घ्यावी लागते आणि त्यासाठी पैसा नाही. शेती आतबट्ट्याची. त्याच्या घरात तवा कोरडा नाही. तरी त्याचे सगळे आयुष्य एका न ओलांडता येणाऱ्या अंतराने भरलेले आहे. पोट भरलेल्या माणसाची ही नवी गरिबी देशमुखांनी ओळखली, आणि म्हणून ती कादंबरी केवळ दुष्काळाची राहिली नाही.

आमच्या बालाघाटच्या डोंगराकडे दिवाळी आली की आणखी एक दृश्य दिसते. मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोन माणसे, एक कोयता. बाईचे नाव मुकादमाच्या वहीत वेगळे नसते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा वर्गातले काही बाक रिकामे असतात. ती मुले कुठल्यातरी कारखान्याच्या वाऱ्यावर कोपीत असतात. बलुत्याची रीत संपली असे आपण म्हणतो. पण आधी घेतलेल्या पैशाला वर्षाचे श्रम बांधून देण्याची रीत संपली काय? या वहीचे पान वाचता येणारा कादंबरीकार, आणि त्याने ते वाचले हे ओळखणारा टीकाकार, या दोघांचीही आपल्याला गरज आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कादंबरी म्हणजे पंचवार्षिक योजनेचा अहवाल नव्हे. तिने आकडे कशाला द्यावेत? मी म्हणतो, एकही आकडा देऊ नये. शेकूच्या बायकोच्या जुवात कुठला आकडा आहे? पण लेखकाला तो ठाऊक असला पाहिजे. पात्राला महिन्याकाठी काय मिळते, कोणाचे किती देणे आहे, दुकानदार त्याला उधार देतो की नाही, आणि देत नसला तर का देत नाही, एवढे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या पात्राचे दुःख हवेत लोंबकळते. मग ते दुःख धरून ठेवण्यासाठी त्याला विशेषणांचे खिळे ठोकावे लागतात. आणि टीकाकारही तेच खिळे मोजून ‘विदारक’ असा शेरा मारतो. आपल्या समीक्षेचे हे दुखणे जुने आहे. गरिबीच्या पुस्तकाला ती लेखकाच्या अश्रूंचे गुण देते. समजुतीचे देत नाही.

माझ्यापुरती मी एक साधी कसोटी ठरविली आहे, आणि माझ्या स्वतःच्या हस्तलिखितांनाही ती लावतो. या पुस्तकात कोण कोणाचे देणे लागतो, हे कळते काय? एकाच रुपयाची किंमत दोन माणसांच्या हातांत निराळी का होते, हे दिसते काय? आणि घरात शेवटी कोण जेवते, याकडे लेखकाचे लक्ष आहे काय? ही तीन उत्तरे ज्या पुस्तकात सापडतात, ते पुस्तक भाषेने खडबडीत असले तरी मी जवळ ठेवतो. ज्यात सापडत नाहीत, त्यातला पाऊस कितीही काव्यमय पडो.

वाचकहो, हाच अंक आपण पुढे वाचणार आहात, आणि त्यात कुठेतरी एक गरिबीची कथा असणारच. ती वाचताना डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण पान उलटण्यापूर्वी हे तीन प्रश्न तिला विचारून पाहा. उत्तरे मिळाली तर त्या लेखकाला दोन ओळींचे पत्र जरूर लिहा. आणि मिळाली नाहीत तर संपादकांना लिहा. वाचकांनी हिशेब मागितल्याशिवाय आम्ही लेखक तो ठेवायला लागणार नाही.